वजनकाट्याचं आवार

"आत्ता, या क्षणी, तुम्ही कुठे बसलेले आहात?"

हा प्रश्न ती दिवसातून साठ-सत्तर वेळा विचारायची. पेशंट तिला 'कुठेताई' म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण फोन आपण बंद केलाय असं वाटून माणसं जे बोलतात ते तिच्या कानावर येतच असे. "कुठेताई झाल्या, आता डॉक्टर येतील," असं एक आजोबा आपल्या सुनेला म्हणाले तेव्हा तिला कळलं. राग आला नाही. असल्या गोष्टींचा राग येणं तिचं कधीच थांबलं होतं.

हॉस्पिटलच्या चौथ्या मजल्यावर, जिन्याच्या टोकाला तिची खोली होती. पूर्वी तिथे एक्स-रेच्या जुन्या फिल्म ठेवत, त्यांचा आंबूस वास अजून गेलेला नव्हता. दोन स्क्रीन, एक खुर्ची आणि कानाला लावायचा हेडफोन. त्याची एका बाजूची गादी फाटली म्हणून तिने मोज्याचा तुकडा कापून बसवला होता. नव्या हेडफोनसाठी अर्ज केला होता, पण अर्जावर तीन सह्या लागतात, तोवर मोजा बरा. काचेच्या पलीकडे डॉक्टरांच्या कोठड्या होत्या. व्हिडिओवर दाखवायला आलेला पेशंट आधी तिच्याकडे येई. नाव, जन्मतारीख आणि तो प्रश्न. उत्तर पेशंटने स्वतःच्या तोंडाने द्यायचं, ते रेकॉर्ड व्हायचं, तिने शब्दाला शब्द टाइप करायचं आणि मग हिरवं बटण दाबायचं. ते दाबल्याशिवाय डॉक्टर दिसत नसे.

एवढा खटाटोप कशासाठी, तर कायद्यासाठी. शहराच्या कडेने नदी जाते आणि नदीच्या त्या काठाला दुसरं सरकार लागतं. इथल्या डॉक्टरांची नोंदणी या काठापुरती. कायदा म्हणतो, पेशंट जिथे बसलाय तिथे उपचार झाला. म्हणजे डॉक्टर आपल्या खुर्चीतून तसूभर हलला नाही, तरी पेशंट त्या काठाला असेल तर डॉक्टरने तिकडे जाऊन विनापरवाना धंदा केला असं ठरतं. कायद्याला इतकी लांब उडी मारता येते, पण डॉक्टरचा परवाना काही पूल ओलांडू शकत नाही.

साथ आली तेव्हा हा नियम दोन वर्षं खुंटीला टांगून ठेवला होता. त्या काठाची माणसं घरी बसून इथल्या डॉक्टरांना दाखवू लागली. त्यांच्याकडे हृदयाचा डॉक्टर नाहीच. महिन्यातून एकदा लांबच्या गावाहून एक येतो आणि त्याचा नंबर सात महिन्यांनी लागतो. ती दोन वर्षं नियमावाचून कोणी मेलं नाही. मग एका सोमवारी पत्र आलं की साथ संपली असून नियम पूर्ववत झाला आहे. दोन्ही सरकारांनी एकमेकांच्या डॉक्टरांची नोंदणी मानावी की काय, याचा विचार करायला एक समिती नेमली गेली. समितीच्या अकराव्या बैठकीत दहाव्या बैठकीचं इतिवृत्त मंजूर झालं, एवढी बातमी तिने शेवटची वाचली होती.

पत्र आलं त्याच आठवड्यात बसचा एक निवृत्त ड्रायव्हर फोनवर आला. सात वर्षांचा जुना पेशंट. "कुठे बसलाय?" म्हटल्यावर "घरी, अजून कुठे?" म्हणाला आणि हिरवं बटण करडं होऊन बंद पडलं. तिने त्याला नियम सांगितला. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता, तोही धड नाही. तेव्हा ती सहज बोलून गेली, "काका, नियम तुम्ही कुठे राहता असं विचारत नाही. कुठे बसलाय असं विचारतो."

ड्रायव्हरने फोन ठेवला. पाऊण तासाने पुन्हा आला. "पुलाच्या तुमच्या टोकाला, जुन्या वजनकाट्याच्या आवारात बसलोय," तो म्हणाला. "चालतंय का?"

चालत होतं. पूर्वी पूल ओलांडून आलेले ट्रक तिथे काट्यावर घेत. काटा बंद पडून दहा वर्षं झाली होती. हिरव्या पत्र्याची एक शेड, मोठं मोकळं आवार आणि वरच्या टेकाडावर मोबाइलचा टॉवर, त्यामुळे नेटवर्क ठणठणीत. पंधरा दिवसांत त्या काठाला कर्णोपकर्णी झालं. मंगळवारी हृदयाचे डॉक्टर व्हिडिओवर असत, म्हणून मंगळवारी माणसं पूल ओलांडून येऊ लागली. गाड्यांतून, ट्रॅक्टरवरून, बसने. गाडीत बसून, कठड्यावर बसून, हिरव्या पत्र्याला पाठ लावून ती आपली छाती फोनसमोर उघडी करत. घरून निघताना लोक "दवाखान्यात जातोय" असंच सांगत. तिथे ना डॉक्टर, ना औषध, ना बसायला खुर्ची.

ती स्वतः त्या आवारात कधी गेली नव्हती. पण त्या पत्र्याचा कुठला खिळा गंजलाय हे तिला ठाऊक होतं. आपण आयुष्यात एक हुशारीची गोष्ट केली ती ही, असं तिला वाटे. कोणाला सांगितलं मात्र नव्हतं.

त्या मंगळवारच्या माणसांत तिची आई होती.

आई त्या काठाला धाकट्या मुलाच्या घरी राहायची. भाऊ जहाजावर असे, वर्षातले नऊ महिने घरी वहिनी आणि आई दोघीच. आई चौतीस वर्षं शाळेत होती, त्यातली अकरा मुख्याध्यापक. सगळं गाव तिला 'हेडबाई' म्हणे. हृदय थकत चाललं होतं. पंप नीट चालत नाही म्हणून पाणी पायात उतरायचं. मुलीने तिला एकदा इकडे आणून ठेवलं होतं. अकराव्या दिवशी आईने पिशवी भरली. "तुझ्या घराच्या खिडकीतून मला फक्त टाक्या दिसतात," म्हणाली आणि गेली.

नियमांत आणखी एक नियम होता. नातेवाइकाची पडताळणी दुसऱ्या कर्मचाऱ्याने करायची. पण मंगळवारी दुसरा कर्मचारी असतो कुठे? त्यावर तोडगा आईनेच काढला. "मग नातं लावायचंच नाही," ती म्हणाली. "मी खोटं बोलणार नाही. फक्त ओळख दाखवणार नाही."

तेव्हापासून चार वर्षं, दर चौथ्या मंगळवारी पावणेअकरा वाजता, ती आपल्या आईला म्हणायची, "नमस्कार. आपलं पूर्ण नाव सांगा."

आई सांगायची. स्वच्छ, खणखणीत, हजेरी घेतल्यासारखं.

"जन्मतारीख?"

आई तीही सांगायची.

"आत्ता, या क्षणी, आपण कुठे बसलेल्या आहात?"

"जुन्या वजनकाट्याच्या आवारात. धन्यवाद, ताई."

बस, एवढंच. मग हिरवं बटण आणि आई डॉक्टरांकडे. आईच्या वेळेला आवारात नेमकी चिडीचूप शांतता असे. बाकीच्यांच्या फोनमागे इंजिनांची घरघर, खोकले, पोरांची रडारड. आईच्या मागे काही नाही. नेटवर्क चांगलं लागलं असेल, असं तिला वाटायचं. काचेपलीकडे डॉक्टर आईला पाय पुढे करायला सांगत. वहिनी नडगीवर अंगठा दाबून धरायची आणि काढायची. खळगा किती वेळाने भरतो ते डॉक्टर मोजत आणि त्यावर गोळी वाढवत किंवा कमी करत. तिला आवाज येत नसे, पण डॉक्टरांची बोटं दिसत. चार बोटं म्हणजे चार सेकंद. आठ बोटं झाली की तिची स्वतःची बोटं कीबोर्डवर थांबायची. निदान सुरुवातीला थांबायची. नंतर तीही नुसती मोजायची.

आणि मग पूल बंद झाला. खांबाला तडा गेला होता म्हणे. दुरुस्ती तीन आठवडे. दुसरा पूल नदीच्या खालच्या अंगाला, जायला चार तास. सुजलेले पाय खाली सोडून चार तास गाडीत बसणं आईला शक्यच नव्हतं. आईचा मंगळवार त्या तीन आठवड्यांच्या बरोबर मधे येत होता.

सोमवारी संध्याकाळी वहिनीचा फोन आला. "ताई, चार दिवसांत तीन किलो वजन वाढलंय. चपला चढत नाहीत. रात्री उशीला टेकून बसूनच झोपतात. गावातल्या डॉक्टरांकडे जाऊन आले. ते म्हणतात, गोळी मोठ्या डॉक्टरांनी ठरवलीय, मी हात लावणार नाही. त्यांचा कागद आणा."

"आईला दे," ती म्हणाली.

आई फोनवर आली. दोन वाक्यांमधे थांबत होती.

"आई, उद्या घरूनच फोन कर. मागच्या अंगणात बस. वहिनीकडे हिरवी चादर आहे ना, ती मागे बांधायची. मी विचारलं की म्हणायचं, काट्याच्या आवारात."

पलीकडे उशी सरकवल्याचा आवाज आला.

"एकच वाक्य आहे, आई. दर वेळी म्हणतेस तेच."

"दर वेळी मी तिथे असते."

"हो. पण आता पूल बंद आहे त्याला तू काय करणार?"

"चौतीस वर्षं मी मुलांना उभं केलंय गं, खोटं बोलतात म्हणून."

"तुझे पाय कसे आहेत?"

पायांचं सोडून आई म्हणाली, "प्रश्न तूच विचारणार ना?"

"मीच."

"मग ठीक आहे. तुला मी घरी आहे हे माहीतच आहे. ज्याला खरं माहीत आहे त्याला खोटं सांगितलं असं होत नाही." जरा थांबून म्हणाली, "नाही ना होत, चिमे?"

"नाही होत," ती म्हणाली.

मंगळवारी पावणेअकराला आई स्क्रीनवर आली. मागे हिरवी चादर ताणून बांधली होती, अगदी पत्र्यासारखी. वहिनीने इस्त्री केली होती की काय कोण जाणे. आईचा चेहरा फुगलेला होता, ओठांना निळसर झाक होती. मागे कुठेतरी कोंबडा ओरडला. या वेळी शांतता नव्हती.

"नमस्कार. आपलं पूर्ण नाव सांगा."

आईने सांगितलं. तीन श्वास घेऊन.

"जन्मतारीख?"

सांगितली.

"आत्ता, या क्षणी, आपण कुठे बसलेल्या आहात?"

आईने सरळ कॅमेऱ्यात पाहिलं. "जुन्या वजनकाट्याच्या आवारात," ती म्हणाली. "धन्यवाद, ताई."

तिने ते शब्दाला शब्द टाइप केलं आणि हिरवं बटण दाबलं. मग पुढचा पेशंट घेतला. या काठाच्याच एक बाई होत्या, स्वतःच्या स्वयंपाकघरात बसलेल्या. त्यांची जन्मतारीख विचारत असताना काचेपलीकडे डॉक्टर खुर्चीतून उठलेले तिला दिसले.

डॉक्टरांनी लाल बटण दाबलं होतं. पेशंट कोसळला तर दाबायचं ते. मग कोणाला काही करावं लागत नाही. नोंदीत जी जागा लिहिली आहे, तिथे जवळची अँब्युलन्स आपोआप निघते. तिच्या उजव्या स्क्रीनवर पट्टी आली: गाडी निघाली. वजनकाट्याचं आवार. सहा मिनिटं.

आणि तिला हायसं वाटलं.

हे नंतर तिने कोणाला सांगितलं नाही, कारण सांगून कोणी विश्वास ठेवला नसता. हिरवी चादर बांधायला तिनेच सांगितलं होतं. आई कुठे आहे हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? पण चार वर्षं, मंगळवारमागून मंगळवार, ती तीच जागा टाइप करत आली होती. स्क्रीनवर 'सहा मिनिटं' पाहिल्यावर तिच्या डोक्यात आलं ते एवढंच, की चला, आवार जवळच आहे, गाडी पोचेल. ती समोरच्या बाईंना म्हणाली, "माफ करा, जन्मतारीख पुन्हा सांगता?" बाईंनी पुन्हा सांगितली. तिने ती बरोबर टाइप केली.

तिकडे अंगणात डॉक्टर फोनमधून वहिनीला सांगत होते, गाडी निघाली आहे, सहा मिनिटांत येते, रस्त्याकडे लक्ष ठेवा. वहिनीला डॉक्टरांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तीही घाबरून गेलेली. शेजाऱ्यांची जीप दारासमोर उभी होती, किल्ली जीपलाच होती. ती त्या जीपला पाठ लावून रस्त्याकडे बघत उभी राहिली.

सात मिनिटांनी अँब्युलन्सच्या ड्रायव्हरचा फोन तिच्या टेबलावर वाजला. "मॅडम, आवार रिकामं आहे. पूल बंद, इथे चिटपाखरू नाही. पेशंट कुठे आहे?"

चार वर्षांत तो प्रश्न तिला पहिल्यांदाच कोणी विचारला होता. तिने उजव्या स्क्रीनवरची जागा पुन्हा वाचली.

"मॅडम? पेशंट कुठे आहे?"

"घरी," ती म्हणाली. "त्या काठाला. घरी आहे ती."

त्या काठाची अँब्युलन्स तालुक्याला असे. चाळीस मिनिटं. तिने वहिनीला फोन केला. वहिनीने जीप काढायला लावली. आई वाटेतच गेली, जीपच्या मागच्या सीटवर, वहिनीच्या मांडीवर डोकं ठेवून. वेळ कोणी पाहिली नाही.

तिने त्या दिवशी उरलेले चाळीस पेशंट केले. कोणीतरी उठवायला हवं होतं, पण उठवायला यावं असं कोणाला ठाऊकच नव्हतं. नातं लावलेलं नव्हतं ना. चार वाजता तिने हेडफोन काढून ठेवला, पर्स घेतली आणि खालच्या पुलाकडे जाणारी बस धरली. चार तास बाहेर बघत बसली. काय दिसलं ते तिला आठवत नाही.

चौदाव्या दिवशी ती कामावर आली तेव्हा विभागाच्या साहेबांनी बोलावून घेतलं. साहेब वाईट माणूस नव्हता. त्याला आता नातं कळलं होतं, आणि कळूनही त्याने ते कोणाला सांगितलेलं नव्हतं. त्याने स्वतः उठून दार लावलं, तिच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला आणि एक फॉर्म पुढे सरकवला.

"चौकशीचा आहे. वर पाठवावा लागतो."

फॉर्मवर 'घटनेचं कारण' म्हणून चार चौकटी होत्या. यंत्रणेतील बिघाड. नेटवर्क खंडित. रुग्णाने चुकीची माहिती दिली. कर्मचाऱ्याचा दोष. तिसऱ्या चौकटीत पेन्सिलीने, अगदी हलक्या हाताने, खूण केलेली होती.

"मी रेकॉर्डिंग ऐकलं," साहेब म्हणाला. "त्यात सगळं स्वच्छ आहे. तुम्ही प्रश्न विचारलात, त्यांनी उत्तर दिलं. तुमच्याकडून नियमात एक अक्षर चुकलेलं नाही. डॉक्टरांवरही काही येत नाही. पेशंटने चुकीची जागा सांगितली. विषय संपतो. नात्याबद्दल या फॉर्मात कॉलमच नाही. फक्त सही करा."

"मला ऐकवाल?"

"कशाला त्रास करून घेता?"

"ऐकवा."

त्याने लावलं. छोट्या स्पीकरमधून तिचा स्वतःचा आवाज आला. इतका कोरडा की तिला क्षणभर दुसरीच कोणी बाई वाटली. नमस्कार, आपलं पूर्ण नाव सांगा. मग आईचा. तीन श्वास. कोंबडा. जुन्या वजनकाट्याच्या आवारात. धन्यवाद, ताई.

आईचं तिच्याशी शेवटचं बोलणं हेच. 'ताई' म्हणून, 'धन्यवाद' म्हणून. हे तिला तेव्हा, त्या खुर्चीत बसल्यावर कळलं. तरी तिला रडू आलं नाही. काहीच आलं नाही. तेरा दिवस सगळे तिच्याकडे तेवढ्यासाठी बघत होते, आणि दाखवायला तिच्याकडे काही नव्हतं.

"खोडरबर आहे का?" तिने विचारलं.

साहेबाने खण उघडून दिलं. बहुधा त्याला वाटलं, तिला खूण शाईने करायची आहे. तिने पेन्सिलीची खूण सावकाश पुसली, कागदावरचे कण फुंकले आणि पेनने चौथ्या चौकटीत खूण केली.

"अहो, काय करताय?" साहेब अर्धवट उठला. "चौथ्या चौकटीने नोकरी जाते. नीट विचार करा. त्या तर आता गेल्या. त्यांना या कागदाने काय फरक पडणार आहे?"

"तिने चुकीची माहिती दिली नाही," ती म्हणाली.

"रेकॉर्डिंग आहे की. आत्ता ऐकलंत."

"तिने मला सांगितलं. आणि मला खरं माहीत होतं. ज्याला खरं माहीत आहे त्याला खोटं सांगितलं असं होत नाही." एवढं बोलून तिने फॉर्मच्या खालच्या मोकळ्या जागेत लिहिलं: 'रुग्ण घरी आहे हे मला आदल्या दिवसापासून माहीत होतं. उत्तर मी सांगायला लावलं. डॉक्टरांना माहीत नव्हतं.' आणि सही केली. अक्षर चांगलं आलं होतं. आईने पाटीवर गिरवून घेतलेलं अक्षर होतं ते.

साहेबाने कागद स्वतःकडे ओढून वाचला. मग म्हणाला, "हेडफोनचा तुमचा अर्ज मंजूर झालाय. कालच तिसरी सही झाली." आणि आपण हे काय बोललो, अशा चेहऱ्याने गप्प झाला.

नोकरी गेली. वर फार आरडाओरड झाली नाही. एक परिपत्रक निघालं. आता पेशंटने जागा नुसती सांगायची नाही, फोन गोल फिरवून आजूबाजूचं दाखवायचंही. आवाराचं काही बिघडलं नाही, कारण तिथे खरोखर बसणारी माणसं नियमातच बसत होती. समितीची बारावी बैठक पुढे ढकलली गेली.

पूल सुरू झाल्यावर एका मंगळवारी ती वहिनीकडे निघाली. आईचं कपाट आवरायचं होतं. पुलावर एका वेळी एकाच बाजूच्या गाड्या सोडत होते, म्हणून बस अलीकडच्या टोकाला थांबवली. "अर्धा तास आहे, उतरून घ्या," कंडक्टर म्हणाला. ती उतरली, आणि समोर हिरवा पत्रा होता.

तो तिला वाटला होता त्यापेक्षा बराच लहान निघाला. आवारात सात-आठ गाड्या, दोन ट्रॅक्टर. एकाचं इंजिन चालू, एकाचं पोर रडतंय, एक म्हातारे खोकताहेत. हे सगळे आवाज तिच्या ओळखीचे होते. कठड्यावर एक धिप्पाड माणूस हातात फोन धरून बसला होता. ती त्याच्याकडे गेली.

"इथे बसलं तर चालेल का?"

त्याने झटकन वर पाहिलं. "पुन्हा बोला," तो म्हणाला.

"इथे बसू का, म्हटलं."

"तुम्ही कुठेताई!" तो उठून उभाच राहिला. तो बसचा निवृत्त ड्रायव्हर होता. आवाज तिनेही ओळखला. "तुमचा चेहरा कधी पाहिला नाही, पण आवाज? झोपेत ओळखेन. बसा, बसा. नाही, तिथे नको, इथे बसा. ही हेडबाईंची जागा."

कठड्याचा तो भाग गुळगुळीत होता आणि त्यावर शेडची सावली पडत होती. ती तिथे बसली.

"आम्हाला सगळं कळलं," ड्रायव्हर म्हणाला. जरा थांबला. "कळलं म्हणजे, तुमचं नातं आम्हाला पहिल्यापासून ठाऊक होतं. त्यांनीच सांगितलेलं. त्यांचा नंबर पावणेअकराचा. त्याच्या आधी उठायच्या आणि सगळ्या आवाराला दटावायच्या. इंजिनं बंद करा. खोकायचं असेल त्यांनी लांब जा. पोरांना गप्प करा, माझी चिमी बोलणार आहे. मग फोनवर तुम्हाला ताई काय, धन्यवाद काय. आम्ही तोंड दाबून हसायचो. फोन ठेवला की वर विचारायच्या, आवाज बरा वाटला ना तिचा? दमलेली वाटली का?"

तिने कठड्याच्या गुळगुळीत भागावरून हात फिरवला.

"तुम्ही काय म्हणायचात?" तिने विचारलं.

"म्हणायचो, छान आहे आवाज. काय म्हणणार?"

त्याने घड्याळ पाहिलं आणि हातातला फोन खिशात ठेवला. बाजूच्या गाडीतल्या माणसाने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. मग ट्रॅक्टर थांबला. दुसरा थांबला. खोकणारे म्हातारे उठून पत्र्याच्या मागे गेले आणि पोराच्या आईने त्याला उचलून खांद्यावर घेतलं. पावणेअकरा वाजले होते. कोणी कोणाला काही सांगितलं नव्हतं. मोडायची राहून गेलेली सवय होती ती.

त्या शांततेत तिला रडू आलं. मोठ्याने, लहान मुलीसारखं, सगळ्यांसमोर. आवारातली माणसं बसल्या जागी बसून राहिली, आणि कोणी तिला काही विचारलं नाही.